काशीवास, आश्रम आणि वृद्धसेवेचे कारभारी : एक तौलनिक विचार

१. प्रश्नाची मांडणी

वार्धक्याविषयीच्या आधुनिक भारतीय साहित्याची चर्चा बहुधा दोन व्यक्तिरेखांभोवती फिरत राहते : एकाकी पडलेला वृद्ध आणि कर्तव्याला चुकलेला पुत्र. वि. वा. शिरवाडकर यांचे ‘नटसम्राट’ (१९७०) आणि जयवंत दळवी यांचे ‘संध्याछाया’ (१९७३) या दोन नाटकांनी मराठी रसिकाच्या मनात वार्धक्याची जी प्रतिमा रुजविली, तिचा गाभा हाच आहे. समीक्षेनेही याच द्वंद्वाचा पाठपुरावा केला. परंतु या दोन व्यक्तिरेखांपलीकडे एक तिसरी व्यक्तीही वार्धक्याच्या प्रत्येक कथेत उभी असते. वृद्धाला जेवू घालणारी, त्याचे अंथरूण बदलणारी, औषधाची वेळ सांभाळणारी आणि प्रसंगी त्याच्या अंत्यसंस्काराची व्यवस्था पाहणारी ही व्यक्ती रक्ताच्या नात्याची असतेच असे नाही. ‘नटसम्राट’मध्ये मुलांची घरे सोडून बाहेर पडलेल्या बेलवलकरांना आसरा देतो तो बूटपॉलिश करणारा राजा. नाटकाची सारी करुणा अप्पासाहेबांकडे जाते आणि राजाचे कर्तृत्व सहृदयतेचा एक प्रसंग एवढ्यावरच थांबते.

या तिसऱ्या व्यक्तीला संस्थेचे रूप येते तेव्हा ती वृद्धाश्रमाची संचालक, अधीक्षक किंवा व्यवस्थापक होते. या सर्वांसाठी येथे ‘कारभारी’ ही जुनी मराठी संज्ञा योजिली आहे. कारभारी हा मालक नसतो. दुसऱ्याच्या वतीने, दुसऱ्याच्या द्रव्यावर आणि दुसऱ्याच्या हितासाठी तो निर्णय घेतो. ग्रामीण भागातील लहान, विनानफा वृद्धाश्रम चालविणाऱ्या व्यक्तीची स्थिती नेमकी अशी असते. काशी या क्षेत्राची परंपरा, प्रेमचंदांचे काशीपरिसरातील कथाविश्व आणि मराठीतील संस्थाकथने यांच्या आधारे या कारभाऱ्याचे स्वरूप स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. काशीवास : वृद्धाने क्षेत्राकडे जाणे

काशी आणि महाराष्ट्र यांचा संबंध मुख्यतः विद्येचा व यात्रेचा म्हणून सांगितला जातो. पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यातील नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात ‘त्रिस्थलीसेतु’ रचून प्रयाग, काशी व गया या तीन क्षेत्रांच्या विधींची व्यवस्था लावली. एकनाथांच्या भागवतटीकेची समाप्ती १५७३ साली वाराणसीतच झाली. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले, तर भोसले व शिंदे या घराण्यांची नावे आजही तेथील घाटांना आहेत. या संबंधाला वार्धक्याचीही एक बाजू आहे. ‘त्रिस्थलीसेतु’मध्ये काशीतील मरणाचा व मुक्तीचा विचार येतो; म्हणजे आयुष्याचा शेवट कोठे व कसा व्हावा, या प्रश्नाची शास्त्रीय मांडणी करणाऱ्यांत एक मूळचे पैठणचे घराणे अग्रभागी होते.

महाराष्ट्राच्या संस्कारविधींतही काशी आयुष्याच्या दोन टोकांना उभी आहे. सोडमुंजीत बटू काशीला निघतो आणि मामा त्याला परत फिरवून गृहस्थाश्रमाकडे वळवितो. गृहस्थाश्रम संपला की तीच वाट पुन्हा खुली होते आणि या वेळी अडविणारा कोणी नसतो. वृद्धांनी, विशेषतः विधवांनी, उरलेले आयुष्य काशीत काढणे म्हणजे काशीवास. त्यामागे श्रद्धा होती, तशीच घरात जागा नसल्याची वस्तुस्थितीही अनेकदा होती. घाटालगतचे वाडे, अन्नछत्रे, देवस्थानांची दाने आणि घरून येणारी थोडीबहुत रक्कम यांवर ही व्यवस्था चाले. तिचा हिशेब ठेवणारे, खोली देणारे, भोजनाची पंगत नेमणारे कारभारी होते; परंतु त्यांचा उल्लेख दात्याच्या शिलालेखात होत नसे.

विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या १९०७ साली प्रकाशित झालेल्या वृत्तांतात या परंपरेची उलट दिशा दिसते. वरसईचे हे भिक्षुक १८५७च्या धामधुमीतून जीव वाचवून परतले, ते आईवडिलांसाठी गंगोदकाची कावड घेऊन. अभ्यासकांचे लक्ष या ग्रंथातील झाशीच्या वर्णनाकडे जाते, आणि ते स्वाभाविक आहे. तथापि वार्धक्याच्या दृष्टीने पाहता कावडीचा प्रसंग मोलाचा आहे. येथे वृद्ध काशीला जात नाहीत. काशी त्यांच्या दारी आणली जाते. वृद्धाला क्षेत्रात पाठविणे आणि क्षेत्राचे पुण्य वृद्धापर्यंत पोहोचविणे, अशी ही दोन प्रारूपे आहेत. आपल्या मुलखात, परिचित बोलीत व परिचित अन्नासह वृद्धांची सोय करणारा खेड्यातील लहान आश्रम हा या दुसऱ्या प्रारूपाचा वंशज होय.

३. मुक्तिभवनाचा व्यवस्थापक

पहिल्या प्रारूपाचे आधुनिक संस्थारूप म्हणजे वाराणसीतील काशीलाभ मुक्तिभवन. दालमिया घराण्याच्या न्यासामार्फत १९५८ साली सुरू झालेल्या या वास्तूत मरणासन्न व्यक्तीला नातेवाइकांसह साधारण पंधरवडाभर राहता येई. तेथे औषधोपचार नसत. भजन, ग्रंथपठण आणि गंगोदक हेच उपचार. येणाऱ्यांत पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमधील ग्रामीण कुटुंबांचा भरणा मोठा असे. म्हणजे वास्तू शहरातील असली तरी तिच्यात ग्रामीण वार्धक्याचाच अखेरचा टप्पा पार पडत असे. ख्रिस्तोफर जस्टिस यांचा १९९७चा अभ्यासग्रंथ या वास्तूतील मरणावरच आहे. जोनाथन पॅरी यांच्या १९९४च्या ग्रंथाने काशीतील मृत्यूशी निगडित व्यवसायांची व विधींची सविस्तर मांडणी केली.

भैरवनाथ शुक्ल हे तेथे चार दशकांहून अधिक काळ व्यवस्थापक होते. त्यांच्या कामाचे स्वरूप लक्षात घेतले तर कारभारीपणाचा अर्थ उलगडतो. आलेली व्यक्ती खरोखर अंतकाळाजवळ आहे काय, हे ठरविणे हे पहिले काम. मुदत संपूनही प्राण न गेल्यास कुटुंबाला परत पाठवायचे की थांबू द्यायचे, हे दुसरे. नोंदवहीत नाव, गाव व मृत्यूची वेळ लिहिणे हे तिसरे. यांपैकी कोणत्याही निर्णयाला शास्त्राचा थेट आधार नाही. तो नियम आणि अनुकंपा यांच्या मध्ये उभे राहून घ्यावा लागतो. शुभाशिष भुतियानी यांच्या ‘मुक्तिभवन’ (२०१६) या हिंदी चित्रपटात अशा वास्तूचा व्यवस्थापक प्रथमच ठळकपणे दिसला, तरी तेथेही कथेचा कणा पितापुत्रसंबंधाचाच राहिला.

तुलनेसाठी एक समकालीन उदाहरण घेता येईल. सिसिली साँडर्स यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हे रुग्णालय १९६७ साली सुरू केले आणि असाध्य रुग्णांच्या वेदनाशमनाला शास्त्रीय बैठक दिली. एका दशकाच्या अंतराने उभ्या राहिलेल्या या दोन संस्थांचा प्रश्न एकच : बरा न होणाऱ्या माणसाचे काय करायचे? लंडनने वेदनेला उत्तर शोधले, काशीने मरणाच्या अर्थाला. दोन्ही उत्तरे अपुरी ठरतात ती दीर्घकाळ जगणाऱ्या, मरणाच्या उंबरठ्यावर नसलेल्या, पण स्वतःचे करू न शकणाऱ्या वृद्धापाशी. त्याला पंधरवड्याची खोली पुरत नाही आणि वेदनाशामक औषधही पुरत नाही. त्याला वर्षानुवर्षे कोणी तरी रोज उठवून बसवावे लागते.

४. प्रेमचंद : मालमत्ता, पंच आणि आश्रम

वाराणसीजवळील लमही हे प्रेमचंदांचे गाव. ग्रामीण वार्धक्याचे त्यांनी केलेले चित्रण काशीवासाच्या आध्यात्मिक भाषेला पूर्णपणे टाळते. १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पंच परमेश्वर’ या कथेत जुम्मन शेखची वृद्ध मावशी पालनपोषणाच्या वचनावर आपली मालमत्ता त्याच्या नावे करते. वचन मोडल्यावर ती गावाच्या पंचायतीपुढे जाते आणि पंच मैत्री बाजूला ठेवून तिच्या बाजूने निवाडा देतो. ‘बूढ़ी काकी’ या कथेत मालमत्ता गेलेली अशीच वृद्धा घरच्या समारंभातील उष्ट्या पत्रावळींपर्यंत पोहोचते. दोन्ही कथांत वार्धक्य हा भावनेइतकाच कराराचा प्रश्न आहे.

या संदर्भात संसदेने २००७ साली केलेला मातापिता व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदा वाचण्यासारखा आहे. त्याच्या कलम २३ नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट न पाळल्यास परत मिळविण्याची वाट ज्येष्ठ नागरिकाला खुली होते. जुम्मनच्या मावशीने पंचांपुढे मांडलेले गाऱ्हाणे नव्वद वर्षांनी कायद्याच्या भाषेत आले, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु कायदा आणि कथा यांत एक समान मर्यादाही आहे. निवाडा झाल्यावर त्या वृद्धेला रोज वाढणार कोण, हा प्रश्न दोन्हीकडे निवाड्याबाहेर राहतो.

तो प्रश्न प्रेमचंदांनी अन्यत्र हाताळला आहे. ‘सेवासदन’ या कादंबरीत विठ्ठलदास हे काशीत विधवाश्रम चालवितात. वर्गणीसाठी दारोदार फिरणे, प्रतिष्ठितांची मनधरणी करणे हा त्यांचा दिनक्रम. सुमन या कोठ्यावरून आलेल्या स्त्रीला तिचा पूर्वेतिहास झाकून आश्रमात ठेवावे लागते आणि तो उघड होताच आश्रमाचे अस्तित्वच धोक्यात येते. सुमनला बाहेर पडावे लागते. ज्यांना आश्रयाची सर्वांत अधिक गरज असते त्यांनाच आत घेणे सर्वांत अवघड व्हावे, हा कारभाऱ्याचा पेच प्रेमचंदांनी येथे नेमका पकडला आहे. वृद्धाश्रमातही तो तसाच येतो. चालताफिरता, स्वतःचे आवरणारा वृद्ध सर्वांना चालतो. अंथरुणाला खिळलेला किंवा स्मृती गेलेला वृद्ध घ्यायचा तर रात्रपाळीची माणसे लागतात, आणि देणगीदाराला इमारतीवर नाव हवे असते. रात्रपाळीच्या पगारावर नाव कोरता येत नाही.

५. मराठी संस्थाकथने : संस्थापक आणि सांभाळणारी

हा पेच ज्यांनी प्रत्यक्ष सोसला त्यांचे लेखन मराठीत विपुल आहे. पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८८९ साली मुंबईत सुरू झाले आणि पुढे पुण्यास आले. धर्मांतराच्या वादात १८९३ साली सल्लागार मंडळातील सुधारकांनी अंग काढून घेतले आणि पालकांनी मुली परत नेल्या. पुढे दौंड तालुक्यातील केडगाव येथे रमाबाईंनी मुक्तिसदन उभारले. दुष्काळांनंतर तेथील आश्रितांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. निरनिराळ्या गरजांसाठी निरनिराळी सदने अशी तेथील रचना होती आणि वृद्ध व अपंग स्त्रियांसाठी प्रीतिसदन होते. ग्रामीण महाराष्ट्रात वृद्ध स्त्रियांच्या संस्थात्मक सांभाळाचे हे एक आरंभीचे उदाहरण. येथे ‘मुक्ति’ या शब्दाचा अर्थ लक्षपूर्वक वाचला पाहिजे. काशीतील मुक्ती देह सुटल्यावरची. केडगावातील मुक्ती देह असतानाची, शेत, विहीर, छापखाना आणि शाळा यांच्यासहित.

धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथबालिकाश्रम मंडळी स्थापिली. १९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला, गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या सहा एकर जागेवरील झोपडीत गेला. शारदासदनाचा अनुभव डोळ्यांपुढे असल्याने कर्व्यांनी पुनर्विवाहाचा प्रश्न आश्रमाच्या कार्यापासून वेगळा ठेवला. स्वतः विधवेशी विवाह केलेल्या माणसाने ही मर्यादा स्वीकारावी, यात संस्था टिकविण्यासाठी द्यावी लागलेली किंमत दिसते. त्यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे १९४२ साली काशी हिंदू विश्वविद्यालयाने त्यांना सन्माननीय पदवी दिली.

मात्र या आत्मवृत्ताशेजारी दोन पुस्तके ठेवून वाचली पाहिजेत : पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ (१९२८) आणि आनंदीबाई कर्वे यांचे ‘माझे पुराण’ (१९४४). पार्वतीबाईंनी आश्रमासाठी गावोगाव वर्गणी जमविली, इंग्रजी फारसे येत नसताना अमेरिकेस जाऊन तेथे घरकाम करून दिवस काढले. आनंदीबाईंच्या निवेदनात संसार, भांडीकुंडी, पोरे आणि पैशाची ओढाताण आहे. कर्व्यांच्या लेखनात संस्थेचा इतिहास आहे, या दोघींच्या लेखनात संस्थेचा दिवस आहे. सकाळचे पाणी, दुपारचे धान्य, रात्रीचे आजारपण यांची माहिती संस्थापकाच्या ग्रंथात सहसा मिळत नाही. वरोऱ्याजवळील आनंदवनाबाबतही असेच म्हणता येते. महारोगी सेवा समितीची स्थापना १९४९ची. कुष्ठरुग्णांसाठी उभ्या राहिलेल्या या वसाहतीत पुढे वृद्धांसाठी ‘उत्तरायण’ सुरू झाले. बाबा आमटे यांची वाणी कवितेत व भाषणांत घुमली; संस्थेचे घरपण मात्र साधनाताई आमटे यांच्या ‘समिधा’त वाचावे लागते.

या जोडवाचनातून तौलनिक अभ्यासाला एक निकष मिळतो. संस्थाकथनाचे दोन प्रकार मानावेत : प्रवर्तनकथन आणि सांभाळकथन. पहिल्याचा काळ घटनांचा असतो, तारखांनी बांधलेला. दुसऱ्याचा काळ आवर्तनाचा, जेवणे, आजार आणि ऋतू यांनी मोजलेला. पहिल्यात ‘मी ठरविले’ असे क्रियापद येते, दुसऱ्यात ‘करावे लागले’ असे. वृद्धसेवेत प्रवर्तन एकदाच होते. सांभाळ रोजचा असतो. म्हणून वृद्धाश्रमाचे सत्य दुसऱ्या प्रकारच्या कथनात अधिक सापडते आणि ते कथन बहुतेक वेळा स्त्रियांचे आहे.

६. कारभाऱ्यापुढील चार निर्णय

वरील सामग्रीवरून ग्रामीण वृद्धाश्रमाच्या कारभाऱ्याला वारंवार घ्यावे लागणारे चार निर्णय वेगळे काढता येतात. पहिला प्रवेशाचा, त्याची चर्चा वर आली आहे. दुसरा निधीचा. महाराष्ट्रात अशा न्यासावर १९५०च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्यानुसार धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते व हिशेब तपासून सादर करावे लागतात. सधन वृद्धाकडून शुल्क घेऊन निर्धनाला विनामूल्य ठेवावे, तर एकाच पंगतीत दोन प्रतीचे हक्क निर्माण होतात. सर्वांना विनामूल्य ठेवावे, तर वर्षाअखेर धान्याचा प्रश्न उभा राहतो. २००७च्या कायद्याचे कलम १९ प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निर्धन ज्येष्ठांना सामावणाऱ्या शासकीय निवासाची कल्पना मांडते. लहान आश्रमाचे सामर्थ्य याच्या उलट आहे : तेथे कारभाऱ्याला प्रत्येकाचे नाव, सवय आणि रुसवा ठाऊक असतो. हे सामर्थ्य संख्येबरोबर कमी होते; खर्च मात्र संख्या लहान ठेवल्याने कमी होत नाही.

तिसरा निर्णय मृत्यूचा. रात्री प्रकृती बिघडल्यास तालुक्याच्या रुग्णालयात हलवायचे की आश्रमातच शांतपणे जाऊ द्यायचे? मुलाला कळवायचे, तो येईपर्यंत थांबायचे, न आल्यास अग्नी कोणी द्यायचा? येथे कारभारी काही तासांपुरता पुत्राच्या जागी उभा राहतो. धर्मशास्त्राने पुत्राच्या अभावी इतरांना हा अधिकार दिलेला आहे. परंतु पुत्र असूनही नसणे, ही स्थिती शास्त्राने फारशी विचारात घेतलेली नाही. लॉरेन्स कोहेन यांनी वाराणसीतील क्षेत्रकार्यावर आधारलेल्या १९९८च्या ग्रंथात दाखविले आहे की, वार्धक्याचा प्रत्येक प्रश्न ‘बिघडलेले कुटुंब’ या एकाच कथेत कोंबण्याची सवय भारतीय चर्चेला जडली आहे. सेरा लँब यांनी २००९च्या ग्रंथात कोलकात्यातील वृद्धाश्रमांचे निवासी व चालक ‘सेवा’ व वानप्रस्थ या देशी संकल्पनांतून या संस्थेचा अर्थ कसा लावतात, हे मांडले. कारभारी मुलाला दोष देत बसला तर मुलगा पुन्हा फिरकत नाही, आणि वृद्धाचे उरलेसुरले नातेही तुटते. म्हणून चांगला कारभारी ‘वाईट मुला’ची कथा सहसा सांगत नाही. साहित्याने ती पुनःपुन्हा सांगितली, कारण साहित्याला त्या मुलाकडून पुढच्या महिन्यात भेटीची अपेक्षा नव्हती.

चौथा निर्णय उत्तराधिकाराचा, आणि तोच सर्वांत कठीण. कारभारी स्वतः म्हातारा होतो. रमाबाईंनी ज्या मनोरमेवर मुक्तिसदनाची भिस्त ठेवली होती ती कन्या १९२१ साली वारली. पुढच्याच वर्षी रमाबाईही गेल्या. आनंदवनात कार्य पुढील पिढ्यांकडे घराण्यातून गेले. कर्व्यांनी १९०८ साली निष्काम कर्ममठ स्थापून आजीव सेवकांची परंपरा निर्माण करण्याचा वेगळा प्रयत्न केला. काशीच्या मुक्तिभवनात वेतनावर नेमलेला व्यवस्थापक निवृत्त होऊ शकला, कारण मालकी न्यासाची होती. कन्या, घराणे, मठ आणि नोकरी अशी ही उत्तराधिकाराची चार प्रारूपे होत. एखाद्या दांपत्याच्या जिद्दीवर चालणाऱ्या लहान ग्रामीण आश्रमाला यांपैकी कोणतेच सहज उपलब्ध नसते. तेथील वृद्ध एकदा घर गमावून आलेले असतात. कारभारी गेल्यावर त्यांना दुसऱ्यांदा घर गमवावे लागते.

७. समारोप

काशीवासाच्या परंपरेने वृद्धाला क्षेत्राच्या स्वाधीन केले, प्रेमचंदांनी त्याला पंचांपुढे आणले, मराठी रंगभूमीने त्याला प्रेक्षकांच्या सहानुभूतीच्या मध्यभागी उभे केले. या तिन्ही मांडण्यांत वृद्धाचे दुःख बोलके झाले. त्याचा रोजचा सांभाळ मूकच राहिला. पार्वतीबाई, आनंदीबाई आणि साधनाताई यांच्या लेखनाला संस्थापकांच्या चरित्राची पुरवणी मानणे अभ्यासकांनी सोडले पाहिजे. भारतीय भाषांतील सांभाळकथनांचा स्वतंत्र साहित्यप्रकार म्हणून विचार झाला, तर हिंदी, मराठी व बंगाली या भाषांत तुलनेचे एक नवे क्षेत्र खुले होईल.

याचे महत्त्व विद्यापीठीय अभ्यासापुरते मर्यादित नाही. संस्थापकाचे चरित्र वाचून स्फूर्ती घेता येते, पण आश्रम चालविता येत नाही. धान्य किती दिवस पुरते, रात्री कोणाला उठवावे, कोणत्या मुलाला कोणत्या शब्दांत पत्र लिहावे, हे ज्ञान सांभाळणाऱ्याच्या स्मरणात असते आणि त्याच्याबरोबरच संपते. नोंदवह्या, पत्रे, रोजनिशा आणि मौखिक निवेदने यांच्या रूपाने ते वेळीच टिपले गेले, तर पुढच्या कारभाऱ्याला पहिल्या दिवसापासून सारे नव्याने शिकावे लागणार नाही, आणि आश्रमातील वृद्धांना एका माणसाच्या आयुष्यावर आपले घर टांगून ठेवावे लागणार नाही.